मावशीच्या गाडीची उलटी बाजू

गिऱ्हाईक विजेबद्दल खोटं बोलतं. ठकीच्या धंद्याचा पायाच या गृहीतकावर उभा होता आणि आजवर तो कधी खचला नव्हता.

जिथे विजेची तार पोचत नाही, तिथे ठकी वीज पोचवायची. राहायच्या गाड्या, टेकाडावरची एका खोलीची घरं, ओढ्याकाठची लाकडी खोपटं. छपरावर किती पॅनेलं टाकायची आणि पोटात केवढी बॅटरी ठेवायची, हे ती ठरवून बांधून द्यायची. तिच्या लेखी तो सगळा जमाखर्च. जमेला ऊन, खर्चाला माणूस, शिल्लक बॅटरीत. ऊन बिचारं सरळमार्गी. आलं तर आलं, नाही तर नाही. घोळ सगळा खर्चाच्या बाजूला. तिथे विचारायला बसलं की एरवी घरातले सगळे दिवे जळत ठेवून झोपणारा माणूससुद्धा एकदम साधू होतो. "मला काय हो लागतं? एक दिवा, एक पंखा. फोन तर मी वापरतच नाही," असं म्हणतो आणि म्हणता म्हणता त्याचा फोन वाजतो.

म्हणून ठकीने एक रीत पाडली होती. गिऱ्हाइकाने पिन असलेली घरातली प्रत्येक वस्तू पिशव्यांत भरून शेडमध्ये आणायची आणि लांब टेबलावर मांडायची. टेबलावर काय आलं याकडे ठकी फारसं बघत नसे. जी पिशवी उघडली गेली नाही, तिच्याकडे बघे. त्या पिशवीत हमखास काहीतरी तापणारं असायचं. केस वाळवायचं यंत्र, पाणी उकळायची किटली, शेगडी. उजेड चिमणीएवढं खातो, वारा कबुतराएवढं, पण उष्णता हत्तीसारखी जेवते. आणि माणसं नेमका हत्तीच लपवायला बघतात.

मावशीने आणलेली न उघडलेली पिशवी निळी होती.

मावशी म्हणजे ठकीच्या आईची थोरली बहीण. आई गेल्यावर ठकीला हिनेच वाढवलं, शिवणयंत्राच्या खडखडाटात. मावशी शिवणकाम करायची, आणि दुकानाची इमारत पाडायला निघाली तेव्हा हात झाडून मुलाकडे जाऊन बसण्याऐवजी तिने एक जुनी मालवाहू गाडी घेतली. त्या गाडीत राहायचं, त्यातच शिवायचं, बाजाराच्या मैदानात दुकान लावायचं, असा बेत. बेत ऐकून तिचा मुलगा, म्हणजे ठकीचा दादा, खुर्चीवरून उठला तो पुन्हा बसलाच नाही.

"निळ्या पिशवीत काय?" ठकीने विचारलं.

"कापड."

"कापडाला वायर कधीपासून फुटली?"

मावशीने वायरचं टोक पिशवीत कोंबलं. "इस्त्री आहे. पण ती धरू नकोस. हल्ली कुणी इस्त्री मागत नाही."

"मावशी, शिवणीवरून इस्त्री फिरवल्याशिवाय तू कपडा हातातून सोडलायस कधी? माझ्या बाहुलीच्या झग्यालाही तू इस्त्री केली होतीस."

"बाहुली चुरगळलेली होती," मावशी म्हणाली. मग आवाज उतरवून, "इस्त्री धरलीस की बॅटरी मोठी होईल. तुझ्यावर भार."

"धरली," ठकी म्हणाली, आणि हत्ती खर्चात लिहिला गेला.

शेडमधले सुतारकाका गाड्यांच्या आतली कपाटं, टेबलं करायचे. त्यांनी मावशीसाठी कापड बेतायचं टेबल केलं आणि त्याखाली बॅटरीचं कपाट. कपाटातलं काम मात्र ठकीने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. त्याला कारण होतं. मावशीची एक सवय पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. कुणी नवा कपडा दाखवला की ती आधी तो उलटा करायची. "वरून सगळेच छान शिवतात. आत बघावं," असं म्हणून आतल्या शिवणीवरून बोट फिरवायची, आणि मोठमोठ्या दुकानांचे कपडे त्या बोटाखाली नापास व्हायचे. ठकीने वायरिंग शिकलं ते त्या बोटाच्या धाकात. मावशीच्या कपाटात तिने लाल आणि काळ्या वायरी जोडीने नेल्या, प्रत्येक वळण एकाच गोलाईचं, प्रत्येक गाठ एकसारख्या अंतरावर. एक लोंबता धागा म्हणून दिसला नसता. सुतारकाका म्हणाले, "बाई, दार लावल्यावर हे बघणार कोण?"

"बघणारी बघेल," ठकी म्हणाली.

गाडी द्यायच्या दिवशी मावशीने दिवे लावून पाहिले, पंखा फिरवला, यंत्रावर एक चिंधी शिवली, इस्त्री तापवून बोटाला थुंकी लावून चर्र करून घेतली. टेबलाखालच्या कपाटाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. "बरं आहे," म्हणाली. बरं आहे हे ती रफू करायला आलेल्या धोतरालाही म्हणायची. ठकीचा चेहरा उतरला, पण तिने स्क्रू ड्रायव्हर शोधायचं निमित्त करून तो टेबलाखाली लपवला.

दादाही आला होता. कचेरीतून थेट, गळ्यात ओळखपत्र तसंच. माणूस वाईट नव्हता. काळजी करायचा एवढंच, आणि त्याची काळजी नेहमी अटी घालून यायची.

"आई, एक ठरवू या. एक महिना. या महिन्यात एकदा जरी गाडीत अंधार झाला, तरी मुकाट्याने माझ्याकडे यायचं. मागची खोली रिकामी आहे."

"मुकाट्याने मी आजवर काय केलंय?"

"तेच म्हणतोय. कबूल?"

मावशीने ठकीकडे पाहिलं. ठकीने मान हलवली. जमाखर्च तिने तीनदा तपासला होता. "कबूल," मावशी म्हणाली, आणि गाडी चालू करून, आरशात न बघता, मैदानाच्या दिशेने निघून गेली.

पहिले काही दिवस ठकी फोनवर मावशीच्या बॅटरीचा आलेख बघायची तो चहा पिता पिता, लाडाने. मग चहा ठेवून बघायला लागली. मग चहा विसरून. आलेख रोज थोडा थोडा खाली येत होता. दिवसभर स्वच्छ ऊन, आणि जमेच्या बाजूला गिऱ्हाइकाने दिलेल्या नाण्यांसारखं चिल्लर काहीतरी पडत होतं. महिना अजून अर्धाही झाला नव्हता.

तिने फोन केला. "मावशी, सगळं ठीक?"

"मस्त! गिऱ्हाइकांची ही रांग."

"इस्त्री चालतेय ना?"

"चालतेय की. छान चालतेय." मागून कुणीतरी "बाई, कॉलर?" असं विचारलं आणि फोन बंद झाला.

ठकीच्या ओळखीचा सूर होता तो. फोन वापरतच नाही म्हणणाऱ्यांचा. खर्च तर आलेखावर दिसतच नव्हता. मावशी वीज जवळजवळ वापरतच नव्हती. मग जमा कुठे जात होती? तिने मनातल्या मनात सगळे जोड तपासले. एखादा सैल राहिला असेल तर? मावशीच्याच गाडीत? या विचाराने तिला जेवण गेलं नाही. सुतारकाकांनी पाहिलं आणि म्हणाले, "इथे बसून आकडे चिवडू नकोस. जा आणि बघ. दिव्याखाली अंधार असतो, तो दिव्याजवळ गेल्याशिवाय दिसत नाही."

मैदान मोठं होतं. मधला भाग उघडा, उन्हाने भाजलेला, तिथे माणूस नाही. सगळा बाजार कडेच्या झाडांखाली दाटीवाटीने बसलेला. आणि सगळ्यांत मोठ्या, सगळ्यांत गर्द झाडाखाली, जिथे दुपारीही गार वाटावं अशा जागी, मावशीची गाडी. छपरावरच्या पॅनेलांवर पानांची जाड गोधडी पसरल्यासारखी सावली पडली होती.

ठकी तिथेच थांबली. तिने मावशीच्या इस्त्रीचा हिशेब केला होता, सुईवरच्या दिव्याचा केला होता, ढगांच्या दिवसांचाही केला होता. गाडी उभी कुठे करणार, हा एक प्रश्न तिने विचारला नव्हता. परक्या गिऱ्हाइकाला ती तो पहिला विचारायची. मावशीला विचारायचं काय, मावशीचं सगळं आपल्याला ठाऊक आहे, असं धरून चालली होती.

आत मावशी हाताने टीप घालत बसली होती. विजेच्या यंत्रावर कापड झाकलेलं. इस्त्री फडताळात. शिवण ती अंगठ्याच्या नखाने दाबून बसवत होती, आणि नख लाल झालं होतं.

"छान चालतेय नाही इस्त्री?" ठकी दारातून म्हणाली.

मावशी दचकली, पण टाका चुकला नाही. "ये. चपला बाहेर काढ."

"मावशी, झाडाखाली?"

"मग कुठे? उन्हात उभं राहून मापं द्यायला कोण येतंय? आणि या जागेसाठी मी पहाटेची येऊन बसले होते पहिल्या दिवशी. हलले की तो चपलावाला टपलेलाच आहे." तिने खिडकीतून शेजारच्या चपला शिवणाऱ्याकडे बोट केलं. त्याने नम्रपणे हात हलवला. त्याची नजर गाडीच्या चाकांवर होती.

"मला सांगायचं नाही?"

"काय सांगायचं? तू केलेलं चालत नाही म्हणून? दादाच्या कानावर गेलं असतं. तुझं नाव गेलं असतं." मावशीने धागा दाताने तोडला. "मी भागवते की. दिवा तेवढा लावते, अंधार पडल्यावर. अट अंधाराची आहे, इस्त्रीची नाही."

भिंतीवरचा बॅटरीचा काटा जवळजवळ शून्याला टेकला होता. ठकीने सवयीने म्हटलं, "अजून थोडी असते त्याच्या खाली."

"ठाऊक आहे. शून्य तू वर सरकवून ठेवलंयस. डब्याच्या तळाशी मूठभर राखून ठेवायचं आणि डबा संपला म्हणायचं, हे तुला शिकवलं कुणी?" मावशी पहिल्यांदा हसली. "तळाची मूठ मी मोडत नसते."

ठकीला हसूही येईना आणि रडूही. तिने सगळ्या गिऱ्हाइकांचे काटे तसेच लावले होते आणि आजवर एकालाही ते कळलं नव्हतं.

ती दारात बसून समोरच्या उजाड उन्हाकडे बघत राहिली. इकडे गिऱ्हाईक आणि सावली, तिकडे ऊन. पॅनेलाला ऊन पाहिजे, माणसाला सावली. दोघांची तोंडं दोन दिशांना. पण पॅनेल उन्हात धरलं की त्याच्याखाली काय पडतं?

"मावशी," ती एकदम म्हणाली, "तुझ्याकडे जाड कापड आहे? ताडपत्रीसारखं?"

"किती?"

"या गाडीच्या अंगाएवढा मांडव होईल इतकं."

मावशीने चष्मा वर केला. तिचं डोकं कापडाच्या बाबतीत कधी मागे राहिलं नव्हतं. "कशाचा मांडव?"

"पॅनेलांचा. माझ्याकडे शेडमध्ये पातळ पॅनेलं आहेत, वाकतात अशी. ती कापडात बसवायची आणि गाडीच्या कडेला ताणायची. गाडी उन्हात. सावली झाडाकडून उसनी घ्यायची नाही. आपली आपण पाडायची."

मावशीने सुई कापडात खोचली. उठली, खिडकीशी गेली आणि चपलावाल्याला हाक मारली. "अहो! सरका. जागा तुमची."

त्याच दिवशी गाडी मैदानाच्या मधोमध आली. चपलावाला त्याच्या सगळ्या ठोकळ्यांसकट झाडाखाली कधी पोचला ते कुणाला दिसलंही नाही. मागे फिरायला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी ठकी पॅनेलं घेऊन आली, आणि सुतारकाका खांब घेऊन. छपरावरच्या पॅनेलांना तोवर मनासारखं ऊन मिळत होतं, यंत्र झाकणाखालून बाहेर आलं होतं. ठकीने पॅनेल टेबलावर ठेवलं आणि दम दिला. "हे काळे चौकोन दिसतात ना? यांत सुई गेली की पॅनेल गेलं. फक्त या पांढऱ्या काठातून टाके."

"काठ केवढा?"

"बोटभर."

"बोटभर काठात मी नवरीच्या पदराला जर लावलीय," मावशी म्हणाली, आणि पाय दाबताच यंत्र खडखडायला लागलं. ठकी श्वास रोखून उभी. जाड कापडाचा ढीग मावशीच्या मांडीवरून सरकत होता आणि सुई काळ्या कडेपासून तांदळाएवढ्या अंतरावरून सरळ चालली होती. सुतारकाकांनी डोळे मिटून घेतले. "झालं की सांगा," म्हणाले.

प्रत्येक पॅनेलाभोवती मावशीने दुहेरी टीप घातली, कोपऱ्यांना ठिगळं दिली, वाऱ्याने फाटू नये म्हणून दोऱ्या ओवायला पक्की काजं केली. वायरींसाठी मागच्या बाजूने कापडाची नळी शिवली. न सांगता.

मांडवाची वायर जोडायला ठकीने टेबलाखालचं कपाट उघडलं. तिथे तिने सुरुवातीपासून एक जोड रिकामा ठेवला होता, पुढेमागे काही वाढवायचं झालं तर. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, अंग भरलं की उसवून सैल करायला, त्याला शिंपी माया म्हणतात. मावशीकडे वाढलेल्या पोरीला माया ठेवल्याशिवाय काही बांधताच येत नव्हतं.

कपाट उघडल्यावर एका गोष्टीचं मात्र तिला नवल वाटलं. मैदानाची धूळ सगळीकडे होती. खिडकीच्या काचेवर, दिव्याच्या टोपीवर, मावशीच्या चष्म्यावरसुद्धा. कपाटात नव्हती. कणभरही नाही.

तिने मावशीकडे पाहिलं. मावशी काज करण्यात गुंग होती, किंवा तसं दाखवत होती.

दादा महिना संपायच्या आधीच, एका भर दुपारी आला. लांबूनच त्याला गाडी दिसली, उजाड मैदानाच्या मध्यावर एकटी, आणि तो झपाझप चालायला लागला. आई उन्हात पडलीय या विचाराने त्याचा जीव अर्धा झाला असणार. जवळ येईपर्यंत त्याची पावलं मंदावली. गाडीच्या कडेला ताठ मांडव पसरला होता, वरून काळा चकचकीत, खालून फिका, आणि त्याच्या गार सावलीत माणसं ओळीने उभी होती. कुणी पिशवी घेऊन, कुणी पोर कडेवर घेऊन. झाडाखाली चपलावाला एकटाच बसून पायताणाएवढी जांभई देत होता. गर्दी सावलीसाठी येते असं त्याला वाटलं होतं. गर्दी मावशीसाठी येत होती. सावली निमित्त.

"दादा, रांगेत," ठकी म्हणाली.

"मी मुलगा आहे."

"मग रांगेच्या शेवटी," आतून आवाज आला.

तो आत आलाच. काट्याकडे गेला, चष्मा लावून वाचला, मग पुन्हा वाचला. त्याला वाचता येत होतं. विश्वास बसत नव्हता. "हे आत्ता भरलेलं आहे. पण इस्त्री लावलीस की?"

मावशीने इस्त्री लावली. यंत्रही चालू ठेवलं, पंखाही. दिवाही लावला, भर दुपारी, निव्वळ खोडसाळपणाने. काटा जरा हलला आणि थांबला. तेवढ्यात उन्हावरून एक ढग गेला आणि मांडव काळवंडला. दादा काट्याकडे, ठकी दादाकडे, आणि मावशी सदऱ्याच्या कॉलरकडे बघत होती. ढग ओसरला. काट्याला काही पडलेली नव्हती.

"आणि सलग ढगाळ दिवस आले तर?" दादाने शेवटचा गड धरला.

"तर शिवेन आणि इस्त्री उन्हाच्या दिवशी करेन. गिऱ्हाइकाला तसं सांगितलंय. ढगात शिवलेलं ऊन पडल्यावर न्यायचं. तुझ्या कचेरीत काम कधी करायचं हे कोण ठरवतं?"

"साहेब."

"माझा साहेब वर आहे, आणि तो तुझ्या साहेबापेक्षा वेळेवर येतो."

रांगेतलं कुणीतरी हसलं. दादाही हसला, नाइलाजाने आणि मग मनापासून. खुर्चीवर बसला. त्या बेताविषयी ऐकल्यापासून तो आईसमोर पहिल्यांदाच बसत होता. "मागची खोली..." त्याने सुरू केलं.

"भाड्याने दे. किंवा पुस्तकं ठेव. आणि तुझ्या बाहीचं बटण गेलंय, सदरा काढ."

त्याने निमूटपणे सदरा काढून दिला. बनियनवर, गळ्यात ओळखपत्र घालून तो बसला आणि आईच्या गाडीकडे वरखाली बघायला लागला. "मांडव छान शिवलायस, आई," तो म्हणाला. "खरंच छान. ठकी, तुझंही काम बरं झालंय."

मावशीचा हात थांबला. तिने सदरा खाली ठेवला, यंत्र बंद केलं. बाहेर रांग होती, तरी बंद केलं.

"बरं झालंय?" ती म्हणाली. "इकडे ये. वाक."

तिने टेबलाखालचं कपाट उघडलं. दार सरावल्यासारखं सहज उघडलं, रोज उघडणाऱ्या हाताला उघडावं तसं. मग तिने ते बोट पुढे केलं, ज्याच्या धाकात ठकीची सगळी वळणं गोल झाली होती, आणि लाल काळ्या वायरींच्या जोडीवरून, कुठेही न टेकवता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. रांगेतल्या दोनचार बायका डोकावून बघायला लागल्या. मावशीने त्यांना जागा करून दिली.

"वरून सगळेच छान करतात," ती म्हणाली. "उलटी बाजू बघा. गाडी आणली त्या दिवसापासून रोज सकाळी बघते मी. एक टाका चुकीचा सापडला नाही." आणि मग, वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "ही माझी भाची. हे हिने बांधलंय. मी हिला वाढवलंय."

ठकी मांडवाचा खांब घट्ट करायला बाहेर गेली. खांब घट्टच होता. ती तो घट्ट करत राहिली, आणि रांगेतल्या एका बाईने विचारलं, "अहो, आमच्या टेकडीवरच्या खोलीला असं करून द्याल का? आम्हाला फार काही नको. एकच दिवा."

"देईल की करून," आतून मावशी म्हणाली. "पण पिशव्या सगळ्या उघडून दाखवा हं तिला."